व्हाइट मस्क की तहारा? सारख्याच वासाच्या दोन अत्तरांमधून निवड

अत्तरवाल्याच्या पेटीत ‘व्हाइट मस्क’ आणि ‘मस्क तहारा’ या दोन कुप्या बहुधा शेजारीशेजारी सापडतात. पहिले अत्तर पातळ, रंगहीन किंवा किंचित पिवळसर असते. दुसरे बहुतेक वेळा दाट आणि दुधासारखे पांढरे. दोन्हींचा वास एकाच कुळातला : अंगाला लावलेल्या पावडरीसारखा मऊ, धुतलेल्या कपड्यासारखा स्वच्छ आणि खाली कस्तुरीची ऊब. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजारात, सणासुदीच्या दुकानांत किंवा धाराशिवला ख्वाजा शमशुद्दीन गाझी दर्ग्याच्या उरुसात अत्तर घेणाऱ्याला या दोहोंतून एक निवडताना हमखास घोटाळा होतो. गुलाब आणि केवडा यांत कोणीही चुकत नाही. मस्कच्या दोन कुप्या मात्र पहिल्या हुंगण्यात सारख्याच वाटतात, आणि घरी नेल्यावर एक दुपारपर्यंत दरवळते, तर दुसरीचा वास लावणाऱ्यालाच येईनासा होतो. असे का होते हे कळले, की निवड सोपी होते.

या वासाचे दोन पदर आहेत. वरचा पदर पावडरीचा. मराठी घरांना तो नवा नाही. टाल्कम पावडरीच्या डब्यातून, दिवाळीच्या उटण्यातून, वारकऱ्याच्या कपाळावरच्या बुक्क्यातून कोरड्या, धुळीसारख्या हलक्या सुगंधाची ओळख लहानपणापासून झालेली असते. उटण्यात कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन अशी कोरडी मुळे आणि लाकडे दळलेली असतात. त्यांचा वास रसाळ फळाफुलांसारखा ओला नसतो. टाल्कम पावडरीचा वास मात्र शंखजिऱ्याच्या भुकटीचा नव्हे. ती भुकटी जवळजवळ गंधहीन असते. ज्याला आपण ‘पावडरीचा वास’ म्हणतो तो तिच्यात मिसळलेल्या सुगंधी द्रव्यांचा असतो, आणि ती द्रव्ये मोजकीच आहेत.

त्यांत पहिला मान आयरिसच्या मुळाचा. युरोपात हे मूळ खणून, सोलून, काही वर्षे वाळवून ठेवत. ताज्या मुळाला फारसा वास नसतो, साठवणीत हळूहळू आयरोन नावाची द्रव्ये तयार होतात आणि मग त्याला जांभळ्या व्हायोलेट फुलांसारखा कोरडा गंध येतो. ही भुकटी चेहऱ्याच्या पावडरींत घालण्याची चाल होती, म्हणून पावडर आणि हा वास यांची गाठ पक्की झाली. आयरिस महाग, त्यामुळे 1893 मध्ये टीमन आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्याच गंधाच्या जवळ जाणारे आयोनोन बनवले तेव्हा सुगंधाचा धंदाच पालटला. आयोनोन सिट्रालपासून बनते आणि सिट्राल गवती चहाच्या तेलात भरपूर असते. त्याआधी 1868 मध्ये विल्यम पर्किन यांनी कुमारिन, तर 1874 मध्ये टीमन आणि हारमान यांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार केले होते. वाळत्या गवताचा गोडवा कुमारिनचा, आइस्क्रीमचा गोडवा व्हॅनिलिनचा. आयोनोन, कुमारिन, व्हॅनिलिन आणि बदामाची आठवण देणारे हेलिओट्रोपिन यांच्या कमीअधिक मिश्रणातून आजचा बहुतेक पावडरी सुगंध उभा राहतो.

खालचा पदर कस्तुरीचा. निदान नावापुरता तरी. खरी कस्तुरी हिमालय आणि मध्य आशियाच्या डोंगरांत राहणाऱ्या कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखालच्या ग्रंथीतून मिळते. भारतात हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे कस्तुरीचा व्यापार हा गुन्हा ठरतो. बाजारात कोणी ‘अस्सल कस्तुरी’ म्हणून कुपी पुढे केली, तर ती एकतर बेकायदेशीर असते किंवा खोटी, आणि बहुतेक वेळा खोटीच. व्हाइट मस्क आणि तहारा या दोहोंचा मृगाशी काही संबंध नाही. दोन्ही कृत्रिम मस्कवर उभी आहेत, आणि यात कमीपणा काहीच नाही.

कृत्रिम मस्कचा शोध अपघाताने लागला. आल्बर्ट बाउर हा रसायनशास्त्रज्ञ टीएनटी या स्फोटकाच्या जातीच्या पदार्थांवर काम करत होता. 1888 मध्ये त्याच्या हाती लागलेला एक पदार्थ स्फोटक म्हणून उपयोगाचा नव्हता, पण त्याला कस्तुरीचा वास होता. त्यातून नायट्रो मस्कचे कुळ निघाले. त्यातल्या मस्क केटोनचा वास गोड, पावडरी आणि प्राणिज ऊब असलेला. जुन्या काळच्या पावडरी अत्तरांचा तो कणा होता. खऱ्या कस्तुरीतला मुख्य गंध, मस्कोन, वालबाउम यांनी 1906 मध्ये वेगळा केला. त्याची रचना मात्र 1926 मध्ये लेओपोल्ड रुझिच्का यांनी उलगडली, आणि ती पाहून रसायनशास्त्रज्ञ चकित झाले : पंधरा कार्बन अणूंचे कडे. इतके मोठे कडे टिकूच शकत नाही असा तोवरचा समज होता. मोठ्या कड्यांच्या रेणूंवरील कामासह इतर संशोधनासाठी रुझिच्का यांना 1939 चे नोबेल पारितोषिक मिळाले. असे मोठ्या कड्याचे मस्क वनस्पतींतही सापडतात. भेंडीच्याच जातकुळीतल्या कस्तुरीभेंडीच्या बियांतले अँब्रेटोलाइड हे त्याचे उत्तम उदाहरण. मृगाला हात न लावता मिळणारी ही कस्तुरी वैद्यांनाही लताकस्तुरी म्हणून पूर्वीपासून माहीत होती.

पुढे तिसरे कुळ आले. त्यातले सर्वांत यशस्वी 1960 च्या दशकातले गॅलॅक्सोलाइड. ते स्वस्त, स्वच्छ वासाचे आणि पाण्यात न विरघळणारे. त्यामुळे धुताना वाहून न जाता कपड्याच्या धाग्याला चिकटून राहते. म्हणून ते अत्तरांइतकेच धुण्याच्या पावडरींत आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रवांत वापरले गेले. ‘पांढऱ्या मस्क’चा वास स्वच्छ का वाटतो याचे उत्तर इथे आहे. स्वच्छतेला स्वतःचा वास नसतो. धुतलेल्या कपड्यांशी या द्रव्यांची सांगड इतकी बसली आहे, की ती हुंगताच नाकाला स्वच्छता आठवते.

व्हाइट मस्क आणि तहारा यांचे सर्वमान्य सूत्र नाही. प्रत्येक बनवणाऱ्याचे मिश्रण वेगळे असते. तरी सर्वसाधारण कल असा : व्हाइट मस्कमध्ये गॅलॅक्सोलाइडसारखे स्वच्छ मस्क पुढे आणि वर थोडी फुलांची झाक; तहारामध्ये गोडसर, पावडरी मस्कचा भर अधिक, फुले कमी, आणि दाटपणा जास्त. दाटपणावरून मात्र फसू नये. गॅलॅक्सोलाइड स्वतःच मधासारखे चिकट असते आणि हाताळायला सोपे जावे म्हणून कारखान्यांतही दुसऱ्या द्रवात पातळ करून विकले जाते. अत्तर दाट आहे म्हणजे ‘कडक’ किंवा ‘शुद्ध’ आहे असे नाही. ते कशात विरघळवले आहे एवढेच त्यातून कळते. कागदावर थेंब टाकून तेलकट डाग राहतो का हे पाहण्याची जुनी कसोटीही इथे कुचकामी आहे. लिंबूवर्गीयांसारखे हलके अस्सल तेल बऱ्याच अंशी उडून जाते म्हणून तिथे ती थोडीफार चालते. मस्कची द्रव्ये जात्याच सावकाश उडणारी, त्यामुळे उत्तम मस्कचाही डाग राहतो.

निवड अवघड होण्याचे खरे कारण कुपीपेक्षा नाकात आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या सुमारे 400 प्रकारच्या ग्राहक प्रथिनांची यंत्रणा आहे; या प्रथिनांच्या जनुकांचे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधले आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बहुतेक वासांना एकापेक्षा अधिक ग्राहक प्रतिसाद देतात, म्हणून एखादा दुबळा असला तरी भागते. मस्कच्या बाबतीत तसे नाही. मस्कचे रेणू मोठे, आणि त्यांना ओळखणारे ग्राहक फार थोडे. त्यामुळे बाकी सगळे वास नीट येणाऱ्या धडधाकट माणसालाही एखादा मस्क अजिबात जाणवत नाही, असे सर्रास घडते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गॅलॅक्सोलाइड किती तीव्र वाटते यातला फरक एका विशिष्ट ग्राहकाच्या जनुकाशी जोडलेला आढळला. मस्कोनसाठी वेगळाच ग्राहक आहे. म्हणजे ज्याला एक मस्क येत नाही त्याला दुसरा छान येऊ शकतो.

गंमत अशी, की वरच्या पदराचीही तीच गत आहे. आयोनोनचा एक प्रकार, बीटा-आयोनोन, काहींना फुलासारखा सुगंधी लागतो, तर काहींना आंबूस किंवा अप्रिय. हा फरक मुख्यतः एकाच जनुकातल्या बदलामुळे पडतो, असे न्यूझीलंडमधील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले. पावडर आणि मस्क या दोन्ही पदरांत माणसामाणसांच्या नाकात एवढी तफावत असताना, ‘याचा वास जास्त चांगला’ हे दुकानदाराचे किंवा शेजाऱ्याचे प्रशस्तिपत्र फारसे कामाचे नाही. त्यांच्या नाकाला आलेला वास घेणाऱ्याच्या नाकाला येईलच असे नाही. उलट, स्वतःला फिका वाटला म्हणून चार बोटे अत्तर चोपडणारा माणूस एसटीत शेजारी बसलेल्याचे डोके उठवतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

यात नाकाचा थकवाही भर घालतो. एकच वास सतत आला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणे सोडते. मस्क मंद आणि सलग येत राहतो, म्हणून तो लवकर ‘हरवतो’. अत्तर उडून गेलेले नसते. खोलीत नव्याने आलेल्या माणसाला ते लगेच कळते. दुकानात दोन वासांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देण्याची फॅशन शहरांतून आली आहे. 2011 मधल्या एका प्रयोगात कॉफीचा उपयोग नुसत्या हवेपेक्षा अधिक होत नाही असे आढळले. बाहेर येऊन मोकळी हवा घ्यावी किंवा स्वतःच्या, अत्तर न लावलेल्या कोपराच्या खोबणीत नाक घालावे. नाक ताळ्यावर येते.

मग निवड करायची कशी? पेटीजवळ उभे राहून कुपीचे झाकण हुंगणे ही सर्वांत वाईट पद्धत. झाकणाशी साचलेल्या हवेत हलके रेणू आधी उडून गोळा होतात, म्हणून कळतो तो अत्तराचा पहिला भपका. लिंबूवर्गीय तेलांतल्या लिमोनिनचा रेणुभार 136, आयोनोनचा 192, मस्कोनचा 238, गॅलॅक्सोलाइडचा 258. जड रेणू साधारणपणे सावकाश उडतो (व्हॅनिलिन 152 रेणुभाराचे असूनही चिवट टिकते, तेव्हा हा नियम काटेकोर नाही). दोन मस्क अत्तरांतला फरक या जड रेणूंत असतो, आणि ते बोलायला लागतात तास-दोन तासांनी. त्यामुळे निकाल पहिल्या मिनिटावर देऊ नये. तो चौथ्या तासाचा असावा.

हळदीकुंकवाच्या समारंभात अत्तर हाताच्या मागच्या बाजूला लावतात. चाचणीसाठी ती जागा उत्तम आहे, कारण दोन हात म्हणजे दोन स्वतंत्र जागा मिळतात. एका हातावर एक, दुसऱ्यावर दुसरे, तेही टाचणीच्या डोक्याएवढे. चोळू नये; चोळल्याने त्वचा गरम होऊन वरचे वास घाईने उडतात आणि तुलना बिघडते. त्यानंतर बाजार करावा, जेवण करावे, हात धुताना मागची बाजू शक्यतो कोरडी ठेवावी, आणि दुपारनंतर दोन्ही हात हुंगावेत. कोरड्या त्वचेवर वास कमी टिकतो, म्हणून हिवाळ्यात उकललेल्या हातावर चाचणी घेतली तर आधी बिनवासाचे तेल लावून घ्यावे. बरोबरीने रुमालाच्या दोन टोकांना दोन थेंब लावावेत. कापडावर मस्क त्वचेपेक्षा कितीतरी जास्त राहतो, दुसऱ्या दिवशीही सापडतो. ज्याला अत्तर कपड्यालाच लावायची सवय आहे त्याने त्वचेपेक्षा रुमालाचा निकाल मानावा. दाट पांढरा तहारा मात्र गडद कापडावर डाग पाडू शकतो.

शेवटची परीक्षा दुसऱ्याच्या नाकाची. कागदाच्या तीन पट्ट्या घ्याव्यात. दोहोंना एक अत्तर, एकीला दुसरे लावून घरातल्या कोणाला तरी ‘यातली वेगळी कोणती’ एवढेच विचारावे. वासाच्या शास्त्रात या पद्धतीला त्रिकोण-चाचणी म्हणतात. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश असते, म्हणून एकदा जमले एवढ्यावर विश्वास ठेवू नये. अदलाबदल करून तीनदा विचारावे. तीनही वेळा अंदाजानेच बरोबर येण्याची शक्यता 27 मध्ये एक. तीनदा ओळखले तर फरक खरा आहे आणि आवडीप्रमाणे निवडावे. ओळखता आले नाही, तर भावातल्या फरकाला काही अर्थ उरत नाही.

नाकाचा निकाल लागला तरी हवामानाचा प्रश्न राहतो. कळंब मांजरा नदीकाठचे, पण कमी पावसाच्या मराठवाड्यातले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो आणि हवा कोरडी होते. उन्हात प्रत्येक रेणू जास्त वेगाने उडतो. हलक्या अत्तराचे आयुष्य त्यामुळे घटते, पण गोड, दाट मस्कचे उलटेच होते : तो एकदम उसळून उग्र होतो, घामाच्या वासाशी मिसळून जड वाटतो. तहारासारखा गोडसर मस्क या दिवसांत डोक्यात जातो. फुलांची झाक असलेला स्वच्छ व्हाइट मस्क, तोही अर्धा थेंब, सुसह्य राहतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हेच पारडे फिरते. थंड त्वचेवर व्हाइट मस्क जवळजवळ मुका होतो आणि तहाराची ऊब खुलते.

ऋतूप्रमाणे गंध बदलण्याची ही रीत इथली जुनीच आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येत हेमंतासाठी केशर आणि कस्तुरीची उटी व अगरूचा धूप सांगितला आहे, उन्हाळ्यासाठी चंदन. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर 1820 मिश्रणे होतात असा हिशेबही त्यात आहे, आणि थोड्या द्रव्यांच्या फेरफारातून एकमेकांजवळचे कितीतरी वास निघतात हेच तो हिशेब सांगतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात हा मुलूख होता, त्याने मानसोल्लासात विलेपन आणि धूप यांना राजभोगांत जागा दिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी उजेडात आणलेल्या गंधवाद या ग्रंथाला तर मराठी टीका आहे; गंगाधराच्या गंधसारासोबत तो 1989 मध्ये बडोद्याहून छापला गेला. सुगंध कसा बनवावा हे मराठीत लिहून ठेवण्याची गरज कित्येक शतकांपूर्वी कोणाला तरी वाटली होती. पुढे 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात राहिला आणि हैदराबादची अत्तराची आवड इथल्या हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांच्या लग्नकार्यांत मुरली. कानात अत्तराचा फाया ठेवणारी पिढी त्यातलीच.

प्रसंगाचा विचार ऋतूइतकाच करावा. लग्नाच्या मांडवात फुले, जेवण आणि गर्दी यांचे इतके वास असतात, की मंद मस्क तिथे हरवतो. तिथे तहारा चालेल. शाळा, बँक, दवाखाना अशा बंद जागी व्हाइट मस्क बरा. दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्यांच्या सहवासात दोन्ही टाळावीत.

अंगाला लावायच्या वस्तूबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. नायट्रो मस्कपैकी मस्क अँब्रेट त्वचेवर असताना ऊन पडले की काहींना तीव्र पुरळ येते असे दिसल्यावर युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. मस्क झायलीन निसर्गात साचून राहते म्हणून तेही तिथून हद्दपार झाले. नाव नसलेल्या, लेबल नसलेल्या स्वस्त कुपीत काय आहे हे नाकाला कळत नाही. त्यामुळे बनवणाऱ्याचे नाव, घटकांची यादी आणि तारीख छापलेली कुपीच घ्यावी, आणि उन्हात शेतावर किंवा रस्त्यावर जायचे असेल तर अत्तर उघड्या मानेला न लावता कपड्याच्या आतल्या बाजूला लावावे. पहिल्यांदा वापरण्याआधी दंडाच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस वाट पाहावी. खाज आली तर ती कुपी घरात नको.

घेण्याचे मापही नेमके असावे. अत्तराची बाटली अजून तोळ्याच्या हिशेबाने विकली जाते; तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि बाजारात 12 मिलीची बाटली तोळ्याची मानतात. मस्क अत्तर थेंबाथेंबाने लागते, तेव्हा पाव तोळ्याची, म्हणजे 3 मिलीची कुपीही महिनोन्‌महिने पुरते. ती काचेची, घट्ट बुचाची असावी आणि पत्र्याच्या छताखाली किंवा खिडकीत न ठेवता कपाटात, अंधारात ठेवावी. उन्हाने पहिल्यांदा बिघडतो तो वरचा पावडरी पदर. कळंबच्या हवेत वर्षभरासाठी एकच कुपी घ्यायची असेल तर व्हाइट मस्क घ्यावा. दोन परवडत असतील तर दिवाळी ते शिवरात्र तहारा आणि बाकीचे महिने व्हाइट मस्क. आणि त्रिकोण-चाचणीत घरातल्या एकालाही फरक ओळखता आला नाही, तर दोहोंतली स्वस्त घ्यावी.